पूर्वीच्या माणसांचा कणा खरंच ताठ होता का?

मन्याडकाठ (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो. देगलूर-बिलोली पट्ट्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. ओसरीवर दोन फोटो शेजारी शेजारी टांगलेत. एक पणजोबांचा. डोक्याला पटका, हातात काठी, पण काठी नुसती मिरवायला, माणूस मेढीसारखा उभा. दुसरा आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा आबा सत्तरीत होते आणि कंबरेतून इतके वाकलेले की चेहरा दिसावा म्हणून फोटोवाल्याला गुडघ्यावर बसावं लागलं होतं. आता कुणी ओट्यावरून हाक मारली तर आबांना मान वर करता येत नाही, अख्खं अंग मागं न्यावं लागतं.

तिसरा मी. वय ४१, पतसंस्थेत खुर्चीवरची नोकरी. गेल्या दिवाळीत कंबरेत अशी चमक भरली की अंथरुणातून उठवायला दोघं लागले. एमआरआय काढला, चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप निघाला.

चुलते म्हणतात, "घरची जवारी गेली, रेशनचा तांदूळ आला, तवाच कणा मोडला." मला पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही नाही. आमच्या आळीत आबांसारखे अजून तीन-चार म्हातारे आहेत. ओंडका चालल्यासारखे चालतात, पोथीला बसले की भिंतीला टेकूनच, मांडी घालता येत नाही. म्हणून विचारतो, माणसाचा कणा शतकानुशतकं बदलत आलाय का? की आमच्याच घराण्याला काही लागलंय?

परभणीचा_जर्मन · रात्री १०:०५

पहिला नंबर माझा! बदलायलाय काय म्हणता, बदलला बी. परवाच व्हॉट्सॲपवर आलं, मोबाईल बघू बघू पोरांच्या कवटीला मागून शिंग फुटायलंय. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी एक्सरेत दाखवलंय म्हणे. आमच्याकडं तर पोरं लग्नाच्या पंगतीत बी मान वर करीनात. वाढपी आला का गेला पत्ता नाही.

ट्रॅक्टरवाला_अंबड · रात्री १०:२२

शिंगाचं माहीत नाही. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, माझे मणके एकेक मोजता येतील असे दुखतात. वाचतोय.

हाडवैद्य_नव्हे · रात्री ११:१०

लातूरला हाडांची प्रॅक्टिस करतो, म्हणून हे नाव घेतलंय. सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

आधी तो गॅप. मराठवाड्यात येणारा प्रत्येक पेशंट "मणक्यात गॅप पडलाय" म्हणतो, आणि घडतं बरोबर उलटं. दोन मणक्यांच्या मधली गादी वाळते, चेपते, म्हणजे जागा कमी होते. बारा वर्षं समजावून थकलो. आता मीही केसपेपर लिहून झाला की "गॅप आहे" असंच सांगतो.

मणक्यांची संख्या म्हणाल तर शतकांत काही बदललेली नाही. मानेत ७, छातीमागं १२, कंबरेत ५, त्याखाली ५ जुळून त्रिकास्थी, आणि टोकाला साधारण ४ जुळून माकडहाड. एखाद्याला कंबरेत एक कमी-जास्त असतो, तसा तो पूर्वीही असायचा. गंमत म्हणजे जिराफाच्या मानेतही सातच असतात, फक्त लांबलचक.

आणि ताठ कणा म्हणजे सरळ कणा नव्हे. बाजूनं एक्सरे काढला की दिसतं, मान थोडी पुढं, पाठ मागं, कंबर पुन्हा पुढं. आपण अजिंठ्याच्या मूर्तींचा त्रिभंग बघायला जातो, पण प्रत्येकाच्या पाठीत बाजूनं बघितलं तर असलंच वळण असतं. जन्मलेल्या बाळाचा कणा मात्र एकाच कमानीचा असतो. ते मान धरायला लागलं की मानेचं वळण येतं, उभं राहून चालायला लागलं की कंबरेचं. म्हणजे प्रत्येक पोर आपला कणा चालता चालता घडवतं. हाड ओझ्याप्रमाणे आकार बदलतं हे युलियस वुल्फ या जर्मन डॉक्टरनं १८९२ सालीच मांडलं होतं. (जर्मनसाहेब, हे तुमच्यासाठी.)

शिंगाची बातमी २०१९ ची. मूळ शोधनिबंध २०१८ चा. त्यात कवटीच्या मागचा उंचवटा मोजला होता, पण कोण किती मोबाईल बघतो हे मोजलंच नव्हतं. पुढं त्या नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. उंचवटा जुन्या कवट्यांतही सापडतो. पोरांना मान वर करायला जरूर सांगा, पण शिंगाची भीती घालू नका.

शतकांत खरंच बदललेली एक गोष्ट म्हणजे कुबड. पूर्वी प्रत्येक गावात एखादा तरुण कुबडा असायचा. त्यात पुष्कळ वेळा मणक्याचा टीबी असे. मणका आतून पोखरला जाऊन पुढच्या बाजूनं ढासळतो आणि पाठीवर टोक येतं. १७७९ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉटनं याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव पडलं. टीबीची औषधं आल्यावर असलं कुबड कमी झालं. आजही येतं, पण वेळेत आलेला पेशंट सरळ पाठीनं घरी जातो.

मन्याडकाठ, तुमच्या शेवटच्या दोन ओळींवर मी अडकलोय. एकाच आळीत तीन-चार जण, मांडी घालता न येणं, मान न वळणं. हे नुसतं म्हातारपण वाटत नाही. तीन गोष्टी सांगा. पिण्याचं पाणी कुठलं? किती वर्षांपासून? आणि गावातल्या पोरांचे दात कसे आहेत?

आजीची_चुंबळ · रात्री ११:४५

डॉक्टरसाहेब, बायकांचं पण लिहा. माझ्या आजीची पाठ शेवटपर्यंत ताठ होती आणि सगळं गाव तिचं कौतुक करायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, एक काखेत. कौतुक करणाऱ्यांपैकी तिची मान कुणी विचारली नाही. रात्री ती मानेखाली उशी घेत नसे, लुगड्याची घडी घ्यायची, तीही अमुक एका जाडीची. घडी चुकली तर सकाळी डोकं वळायचं नाही.

कोयता_बीड · सोमवार, सकाळी ६:३०

चुंबळताई, बरोबर बोललात.

"पूर्वीची माणसं कष्टाची होती म्हणून ताठ होती" असं कुणी म्हणलं की मला माझी माय आठवते. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीनंतर गाडी भरायची ती थेट पट्टा पडेस्तोवर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेस्तोवर. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, आणि मग ती डोक्यावर घेऊन ट्रकाला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी पावलाबरोबर लवते. मायचा डावा पाय फळीवर पडला की कंबरेत काय व्हायचं ते तिच्या तोंडावर दिसायचं, मी खाली उभा राहून बघायचो. पन्नाशीत ती तुमच्या आबांएवढी वाकली. कष्टानं हाड घट्ट होत असेल, पण त्याला बी माप असंल की.

खापरखुंटी · सोमवार, दुपारी १:१५

पुरातत्त्वाचा विद्यार्थी. "शतकानुशतकं" वर थोडं मोठं लिहितो, कारण या विषयात एक म्हातारा आहे ज्याच्यावर आबांसारखाच अन्याय झाला.

१९०८ साली फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सां इथं एका निअँडरथल (माणसाची एक लोप पावलेली जमात) माणसाचा सांगाडा मिळाला. जवळजवळ पूर्ण. मार्सेलँ बूल नावाच्या नामांकित अभ्यासकानं तो मांडला आणि निष्कर्ष काढला की निअँडरथल पोक काढून, गुडघे वाकवून, अर्धवट माकडासारखा चालायचा. आजही चित्रांत आदिमानव वाकलेला दिसतो त्यात या एका सांगाड्याचा मोठा हात आहे. १९५७ साली स्ट्रॉस आणि केव्ह या दोघांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला. तो होता म्हातारा, सांधेदुखीनं बेजार झालेला, मानेचे-पाठीचे मणके झिजलेले. २०१९ मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि त्याची कंबर आपल्यासारखीच वळलेली असणार असं निघालं. एका आजारी आजोबांवरून अख्ख्या जमातीला पोक लावला गेला. धागाकर्त्यांनी आळीतल्या म्हाताऱ्यांवरून आजच्या पिढीचा निकाल लावू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता खरा बदल. २०२२ साली स्कॉट विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी निअँडरथलांचे कंबरेचे मणके आजच्या माणसांच्या तीनशेहून जास्त कण्यांशी ताडून पाहिले. कंबरेचा मणका थोडा पाचरीसारखा असतो, एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटका. त्यावर वळण ठरतं. आधीच्या अभ्यासांत निअँडरथल आपल्याहून वेगळे दिसत होते. यांनी आजच्या माणसांचे दोन ढीग केले, कारखानदारी येण्याआधीचे आणि नंतरचे. तर निअँडरथल वेगळे निघाले ते फक्त नंतरच्या ढिगापासून. आधीच्या माणसांशी त्यांचं जुळलं! म्हणजे फरक दोन जमातींत कमी आणि खुर्चीच्या आधी-नंतर जास्त. बैठं काम आणि कमी हालचाल यांमुळं आजच्या कंबरेचे मणके जास्त पाचरी झाले असावेत, असा त्यांचा कयास आहे. मात्र वळण नुसत्या हाडावर ठरत नाही, मधल्या गाद्यांवरही ठरतं, आणि गाद्या मातीत टिकत नाहीत.

माझ्या मते हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा. शेदोनशे वर्षांत रक्तातून इतकं बदलत नाही. प्रत्येक पिढीचं पोर नव्यानं कणा घडवतं, डॉक्टरांनी सांगितलं तसं, आणि ते कशावर बसून घडवतं ते बदललं.

जाता जाता: २०१५ च्या एका अभ्यासात, गादीचा गर मणक्यात घुसून खड्डा पडलेल्या माणसांचे मणके आकारानं चिंपांझींच्या जास्त जवळचे निघाले. म्हणजे दोन पायांवर उभं राहायच्या कामाला ते जरा कमी जुळलेले. आपल्याकडं कण्याच्या टोकाला "माकडहाड" नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण नाव ठेवणारा पुढचं बघून होता.

परभणीचा_जर्मन · सोमवार, दुपारी १:४०

म्हणजे माझी कंबर दुखती ते मी माकडाच्या जवळचा म्हणून? बायकोला हा धागा दाखवत नाही.

मन्याडकाठ · सोमवार, रात्री ९:०५

डॉक्टरसाहेब, तुमचे प्रश्न वाचून दिवसभर काम सुचलं नाही.

पाणी हापशाचं. १९७२ च्या दुष्काळानंतर काही वर्षांनी आमच्या आळीत बोअर पाडून हापसा बसवला, मी जन्मायच्या आधी. त्याआधी सगळं गाव बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं, पाणी प्यायचं. पणजोबा हापसा यायच्या आधीच गेले.

पोरांचे दात पिवळे-तपकिरी, आडव्या रेघा असलेले. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही कारण सगळ्यांचेच तसे. माझेही पुढचे चार तसेच आहेत. माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पाव्हणं तंबाखू खातेत का?" मी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. अकरावीला नांदेडला आलो तो तिकडंच राहिलो.

हाडवैद्य_नव्हे · सोमवार, रात्री ९:५०

तुमच्या दातांनीच उत्तर दिलं. पक्कं निदान तपासल्याशिवाय करणार नाही, पण मला फ्लोरोसिसची दाट शंका आहे.

पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर लहानपणी, दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच त्यांच्यावर रेघा पडतात. मोठेपणी ते पाणी सुरू झालं तर दात ठीक राहतात, पण हाडं सुटत नाहीत. दहा-वीस वर्षं ते हाडात साठतं. हाड एक्सरेत खडूसारखं पांढरंफेक दिसतं, आणि मणक्यांना बांधून ठेवणारे लवचिक पट्टेसुद्धा हळूहळू हाडाचेच बनतात. कणा एकसंध काठी होतो. मग माणूस वाकतो आणि त्याच वाकात गोठतो. आबांना हापसा तरणेपणी मिळाला आणि पुढं चाळीस-पन्नास वर्षं तेच पाणी, हिशोब जुळतो. भारतात याची पहिली नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातली. आपल्या राष्ट्रीय मानकात पाण्यातलं फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे.

घरच्या घरी तीन गोष्टी करून बघा. गुडघे न वाकवता पायाचा अंगठा धरता येतो का. हनुवटी छातीला लागते का. दोन्ही हात डोक्यामागं नेता येतात का. आबांचंच नव्हे, आळीतल्या चाळिशीच्या लोकांचंही बघा.

आणि कृपा करून पाणी उकळून प्या म्हणून कुणाला सांगू नका. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं.

काळा_दगड · सोमवार, रात्री १०:३०

भूजलात काम केलंय म्हणून दगडाचं सांगतो. मराठवाडा म्हटलं की सगळ्यांना काळा पाषाण आठवतो, पण नांदेडच्या पूर्वेला तो संपतो आणि ग्रॅनाइट लागतो. देगलूर, बिलोली, किनवट त्याच कडेवर. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. बारवेचं पाणी वरचं, दरसाल पावसाचं. बोअरचं पाणी खोलवर दगडाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं, तेवढा वेळ ते दगड चाटत बसतं.

यातली खोच अशी की देशभर बसलेल्या इंडिया मार्क टू हापशाच्या आधीची जी मॉडेलं होती त्यातलं एक जालन्याचं आणि एक सोलापूरचं. आपल्याच भागात घडलेली चांगली वस्तू. पटकी-जुलाबातून माणसं वाचवली तिनं. तळाचा दगड कुठला हे हापशाला कुठं माहीत.

ट्रॅक्टरवाला_अंबड · सोमवार, रात्री १०:३५

आत्ता उठून अंगठे धरून बघितले. धरता आले. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

मन्याडकाठ · पुढचा मंगळवार, रात्री १०:१०

अपडेट देतो.

शनिवारी गावी गेलो. आबांना काही सांगितलं नाही, नुसतं म्हणालो, "आबा, हनुवटी छातीला लावा बरं." त्यांना वाटलं नातू चेष्टा करतोय. हसत हसत प्रयत्न केला. डोळे खाली गेले, भुवया खाली गेल्या, हनुवटी जागची हलली नाही. मधे चार बोटांचं अंतर तसंच. मग हात डोक्यामागं न्यायला सांगितले. उजवा कानापर्यंत पोचला. डावा खांद्यावरच थांबला आणि आबांनी तो उजव्या हातानं उचलून पुढं ढकलायचा प्रयत्न केला. तेव्हा माझ्यानं बघवलं नाही. अंगठे धरायचं विचारलंच नाही.

आळीतल्या सहा जणांचं बघितलं. सगळे चाळीस ते साठमधले. दोघांची हनुवटी लागत नाही. त्यातला एक माझा वर्गमित्र.

पाणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत दिलं. त्याआधी तिथल्या माणसानं माझ्यासमोर एका छोट्या बाटलीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. गुलाबीचं पिवळं झालं. "पिवळं म्हणजे आहे," एवढंच म्हणाला. आज आकडा आला, १.५ च्या दुपटीच्याही वर. आबांचा एक्सरे नांदेडला काढला, मणके मोजता येईनात, पांढरी पट्टी नुसती.

हाडवैद्य_नव्हे · मंगळवार, रात्री १०:४०

आबांचा कणा मागं आणता येणार नाही, हे स्पष्ट सांगतो. दुखणं कमी करता येईल, पडणार नाहीत अशी सोय करता येईल. पांढरं दिसत असलं तरी ते हाड ठिसूळ असतं. खरी घाई तुमच्या वर्गमित्राची आणि पोरांची आहे. पाणी आजच बदला. दूध, भाजी, आवळा पोटात जाऊ द्या, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाचा यात उपयोग होतो. वर्गमित्राला दाखवायला आणा. तरुण माणसाचा कणा गोठण्याची दुसरीही कारणं असतात, ती आधी बाजूला काढावी लागतील.

आजीची_चुंबळ · मंगळवार, रात्री ११:००

तुरटीनं फ्लोराइड जातं असं ऐकलंय, खरं का?

काळा_दगड · मंगळवार, रात्री ११:२०

तुरटी आणि चुना, दोन्ही, मोजून. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवलेली पद्धत आहे, नलगोंडा पद्धत म्हणतात. नलगोंडा तुमच्या शेजारच्या तेलंगणातच. पण माप चुकलं की फसतं आणि खाली बसलेला गाळ टाकायचा कुठं हा वेगळा ताप. आरओनंही निघतं, तिथंही बरंचसं पाणी वाया जातं. घराघरात करण्यापेक्षा दुसरा स्रोत मिळाला तर उत्तम. तुमच्या त्या बारवेचं काय झालं?

मन्याडकाठ · बुधवार, सकाळी ७:१५

बारव आहे. बाभळी उगवल्यात, दोन बाजूंच्या पायऱ्या ढासळल्यात, गणपतीचं निर्माल्य लोक तिथंच टाकतात. पण तळाला पाणी आहे. १ मेच्या ग्रामसभेत गाळ काढायचा विषय घ्यावा म्हणून काल सरपंचाकडं बसलो होतो. पंधरा-वीस माणसं जमली, सगळे हो हो म्हणाले. पणजोबांचा फोटो आणून दाखवला, सगळ्यांना पटलं.

माझी चुलत आजी दाराआड बसून ऐकत होती. ती म्हणाली, "त्या फोटोतल्या माणसानं कधी पाणी आणलं नाही. पाणी आम्ही आणलं. चाळीस पायऱ्या खाली, चाळीस वर, पोटुशी असताना बी. हापसा आला तव्हा आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं. आता परत आम्हालाच खाली उतरवता का रे बाबांनो?"

कुणी बोललं नाही. मी म्हणालो, मोटार बसवू, टाकी बांधू, नळ आळीत आणू. ती म्हणाली, "मग आधी मोटार आणा, मंग गाळ काढा."

काळा_दगड · बुधवार, सकाळी ८:००

आजींचा क्रम बरोबर आहे. फक्त मोटारीच्याही आधी बारवेचं पाणी तपासून घ्या, एकदा आत्ता उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. बाटली स्वच्छ प्लास्टिकची घ्या, त्याच पाण्यानं तीनदा विसळा, आणि वरवरचं न घेता दोर सोडून मधलं घ्या.